पाणी कुठवर आलंय

विश्रामबागेत माझी खानावळ. चाळीस डबे.
अकराला जातात, चारला परत येतात,
घासायला टाकण्याआधी मी एकेक उघडून बघते.
डबा खोटं बोलत नाही.
आमटी पिऊन भात तसाच ठेवलेला, म्हणजे पोरगं घाईत होतं.
चपातीचे तुकडे करून नुसतेच पसरलेले,
म्हणजे रविवारच्या टेस्टचे मार्क लागले.

सतरा नंबरचा डबा तीन दिवस
गेला तसा आला.

सतरा नंबर म्हणजे श्रीशैल. उमदीचा, जत तालुका.
मार्कांचा मेसेज आधी त्याच्या वडिलांना जातो,
ते एसटीत कंडक्टर,
तिकीट फाडता फाडता वाचतात,
मग याला कळतं, फोन वाजला की.

तीन जिने चढले. गुडघा कुरकुरला.
सांगायचं सगळं पाठ करून गेले होते,
अन्नाला नावं ठेवू नये, आईबापाकडं बघावं,
आमच्या वेळी तर असलं काही नव्हतंच.
दार उघडलं. तोंड बघितलं त्याचं.
म्हटलं, लसूण सोलायला बाई आली नाही आज,
येतोस?

दोन किलो लसूण.
पहिला किलो कुणीच बोललं नाही.
टरफलं पंख्यानं उडत होती, तो पायानं दाबत होता.

माझं माहेर गावभागात.
भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पिवळट रेघ आहे,
दोनदा रंग काढला, तरी वर येते.
पुराच्या दिवसांत आमच्याकडं
कसे आहात, असं कुणी विचारत नाही.
विचारतात, पाणी कुठवर आलंय?
माणूस सांगतो, दुसऱ्या पायरीला, नाहीतर उंबऱ्याला.
आणि कुणी कुणाला म्हणत नाही,
तू घरात पाणी येऊच का दिलंस.

तसंच विचारलं मी त्याला. तुझं पाणी कुठवर आलंय?

हसला. मावशी, आमच्याकडं पाणी टँकरनं येतं.
मग एक पाकळी सोलली. अजून एक.
नखात लसूण गेला होता, तो बघत बसला.
म्हणाला, बेचाळीस.

आयर्विन पुलापाशी चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
सांगलीत राहून दीड वर्षात
एवढं शिकला होता पोरगा.

ओसरेल, असं मी म्हटलं नाही. मला काय माहीत.
एवढंच विचारलं, रात्री चढतं का?
रात्री नाही, पहाटे. चारला. गजर व्हायच्या आधी.

वडिलांना मी फोन केला. ते दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलून आले,
पोराच्या शेजारी बसून जेवले,
शेंगदाण्याच्या चटणीवर तेल जास्त मागितलं,
मार्कांचं नाव काढलं नाही.
मिरजेच्या डॉक्टरीणबाईंकडं दोघं सोबत गेले.
बाहेर बाकावर बसून वडीलच रडले, असं नंतर श्रीशैलनं सांगितलं,
जरा नवलानं.

तेव्हापासून रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या येतात.
कुणी सुरू केलं, मी विचारलं नाही.
सतरा : छत्तीस.
एकतीस : एकोणतीस, पण भाजी तिखट.
बावीस : शून्य मावशी, आज क्लासला दांडी.
चाळीसच्या वर आकडा दिसला
की लसूण असो नसो, मी जिना चढते.

आज चार वाजता नऊ नंबर उघडला.
विट्याची आलिशा मुल्ला.
वर्षभर एक शीत परत न पाठवणारी,
पुसून दिल्यासारखा लख्ख डबा,
जिचं उदाहरण मी सगळ्यांना देत आले.
आजही लख्ख.
तळाशी वहीचा कोपरा, चार घड्या घातलेला :
सत्तेचाळीस.

डबा खोटं बोलत नाही, असं कोण म्हणालं होतं?

कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती.
गॅस बंद केला.
चप्पल शोधत बसले नाही.